मीटिंग शेवटच्या एसटीच्या आत हवी

दारू सोडण्यासाठी केंद्रात भरती झालेला माणूस पंधरा दिवसांनी, महिन्याने घरी परततो. हातांची थरथर थांबलेली असते, जेवण जाऊ लागलेले असते, चेहऱ्यावर जरा तेज आलेले असते. घरच्यांना वाटते, सुटला. केंद्रातून निघताना मिळालेल्या कागदावर औषधांच्या खाली एक ओळ असते : दर आठवड्याला मीटिंग, चुकवू नये. मुंबई-पुण्यात या ओळीचा अर्थ लोकलचे किंवा बसचे तिकीट एवढाच. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या खेड्यात तिचा अर्थ काय होतो? मीटिंग कुठे असते, कोणत्या वारी, किती वाजता, आणि ती संपल्यावर गावाकडे परतायला गाडी आहे का? उपचारावर झालेला खर्च आणि घरच्यांनी धरलेला धीर या साध्या चौकशीवर अडून राहतो. आरोग्ययंत्रणेचे सर्वात कमी लक्ष नेमके तिच्याकडे आहे.

केंद्रातले दिवस तसे सोपे असतात. तिथे दारू नसते, दारूचा मित्र नसतो, उधारी मागणारा नसतो. घरी आल्यावर सगळे जागच्या जागी असते : तोच फाटा, तेच देशीचे दुकान, संध्याकाळी सहाची तीच वेळ. वर्षानुवर्षे दारूची सवय झालेला मेंदू बाटलीइतकाच बाटलीच्या आजूबाजूच्या गोष्टी लक्षात ठेवतो. वास, जागा, वेळ, खिशात आलेले पैसे, झालेले भांडण, यातले काहीही पुरते आणि ओढ उसळते. ही ओढ म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे, मेंदूने गिरवून पक्का केलेला धडा आहे. तो पुसट व्हायला महिने लागतात. म्हणून पहिले तीन महिने सर्वात धोक्याचे मानले जातात. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या बाबतीत त्यात पंचांगही मिसळते. पोळ्याची कर, सोयाबीन विकून हातात आलेला पैसा, लग्नसराईतली हळदीची रात्र, धुळवड. ज्याने श्रावणात दारू सोडली त्याची पहिली परीक्षा पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी होते, आणि त्या दिवशी दवाखाना उघडा असून उपयोग नसतो. त्याला हवा असतो असा माणूस, जो मागच्या वर्षीची कर कोरडी काढून बसला आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसते. १० ते ७५ वयोगटातील २.७ टक्के भारतीय दारूवर अवलंबून आहेत, म्हणजे दारूवाचून त्यांचा दिवस जात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास आहे. महाराष्ट्रात पिणाऱ्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी आहे, हे लक्षात घेऊन देशाच्या निम्मेच प्रमाण धरले तरी ढोबळ हिशेबाने आकडा दहा हजारांच्या वर जातो. त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक बोचणारा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. म्हणजे केंद्रातून परतलेला तो माणूस १८० जणांतला नशीबवान. त्यालाही पुढची वाट सापडत नसेल, तर बाकीच्या १७९ जणांचे काय बोलावे?

एक इशारा आधीच द्यायला हवा. रोज सकाळपासून पिणाऱ्याने मीटिंगमध्ये जाऊन किंवा देवापुढे शपथ घेऊन एका दिवसात दारू बंद करणे धोक्याचे आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते, आणि त्या दाबाविरुद्ध मेंदू स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दाब अचानक निघाला की तो वेग मोकाट सुटतो. सुरुवातीला घाम, थरथर, उलटी. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. खेड्यात याला बाहेरचे लागले म्हणून अंगारा लावला जातो, आणि माणूस दगावतो. ही वेळ रुग्णालयाची आहे, १०८ ची आहे. तिथे दिली जाणारी शांत करणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांना पर्याय नाही. पूर्वी दारू सोडताना फिट आलेली असेल, तर दुसऱ्यांदा घरी प्रयोग करूच नये.

बसस्थानकाच्या भिंतींवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात, त्यांच्याबद्दलही इथेच बोललेले बरे. अशा पुड्यांमध्ये काय आहे हे विकणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते घेतलेल्याने वर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. ते रुग्णाने समजून, स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे असते. ते चहातून गुपचूप देणारी बायको नवऱ्याच्या भल्यासाठीच तसे करते. पण ती त्याचा जीव पणाला लावत असते, आणि उघडकीला आले की घरातला उरलासुरला विश्वासही संपतो.

शरीर स्थिरावले की मीटिंगची वेळ येते. मीटिंगमध्ये चालते तरी काय? आठ-दहा माणसे गोलाकार बसतात. एक जण सुरुवात करतो, स्वतःचे फक्त पहिले नाव सांगतो, आपल्याला दारूचा आजार आहे असे म्हणतो आणि आपले आयुष्य सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी घेत नाही. मग दुसरा बोलतो. तासा-दीड तासाने चहा होतो आणि सगळे उठतात. फी नाही, नोंदवही नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’ या नावाने हे जगभर चालते. सदस्य होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. संस्था बाहेरची देणगी घेत नाही. खोलीचे भाडे आणि चहाचा खर्च सदस्य आपल्या खिशातून भागवतात.

या संस्थेच्या जन्माची हकिगत वाशिमच्या वाचकाला जवळची वाटेल, कारण तिची सुरुवातच ‘जवळपास कोणी आहे का’ या चौकशीतून झाली. १९३५ मध्ये शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन या परक्या गावी गेला होता. दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याचे काम फिसकटलेले, हॉटेलच्या एका टोकाला बार. आता आपण पिणार हे त्याला कळून चुकले. त्याने हॉटेलमधल्या चर्चच्या यादीवरून एकामागून एक फोन लावले. या गावात दुसरा कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचे आहे, एवढेच विचारायला. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. दोघे बोलत बसले. डॉ. बॉब यांनी त्याच वर्षी १० जूनला शेवटचा घोट घेतला, आणि तीच तारीख संस्थेचा जन्मदिवस मानली जाते. तेव्हा ना इमारत होती ना नाव. भारतात हे काम १९५७ मध्ये सुरू झाले आणि मुंबईत रुजले; देशाचे सेवा कार्यालय आजही मुंबईतच आहे.

याने खरेच फरक पडतो का? बरीच वर्षे शास्त्रज्ञांचे उत्तर ‘सांगता येत नाही’ असेच होते. २००६ च्या कॉक्रेन आढाव्याला ठोस पुरावा सापडला नव्हता. २०२० मध्ये तोच आढावा नव्याने झाला, त्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. एए आणि त्याकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के पूर्णपणे दारूपासून दूर होते. इतर मानसोपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होते. चमत्कार नाही. शंभरातले निम्म्याहून अधिक वर्षभरात पुन्हा पितात, हेही त्याच आकड्यात लिहिले आहे. तरीही फुकट चालणाऱ्या गटाने तज्ज्ञांच्या महागड्या उपचारांच्या पुढे राहावे, ही वैद्यकशास्त्रात रोज घडणारी गोष्ट नव्हे. त्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हे मात्र विसरू नये.

विदर्भाला गोल बसून मन मोकळे करणे अगदीच परके नाही. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले, आणि बाबांनी जन्मभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजूनही कितीतरी गावांत संध्याकाळी होते. माळ घालून दारू सोडलेला वारकरी प्रत्येक गावात एखादा तरी सापडतो, आणि माळेने तारलेल्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पण एक फरक आहे. कीर्तनात एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. मीटिंगमध्ये उपदेश करणारा कोणीच नसतो. ज्याने काल प्यायली तोही आणि ज्याने दहा वर्षे प्यायली नाही तोही सारखाच. माळ तुटली की माणूस लाजेने मंडळींना टाळतो. मीटिंगमध्ये घसरलेल्यानेच आधी यावे असे मानतात. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, तो ज्यांना खुपतो त्यांनी तेवढा भाग सोडून बाकीचे घ्यावे. गटात नास्तिकही बसतात.

तर मीटिंग शोधायची कशी? पहिली विचारणा उपचार केलेल्या केंद्राकडेच करावी, कारण चांगली केंद्रे आपल्या रुग्णांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत पाठपुराव्याचे दिवस ठरवतात. पुण्याच्या मुक्तांगणने हे महाराष्ट्राला शिकवले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते केंद्र सुरू केले, आणि उपचार संपल्यावर रुग्णाला वाऱ्यावर सोडायचे नाही हा दंडक घातला. केंद्रात गेलेलेच नसेल, तर वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी गाठावी. दारूच्या आजारासाठी तिथे जाण्यात वेडेपणाचा शिक्का नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूमुळे होणारे मानसिक विकार उपचाराच्या हक्कात धरले आहेत. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे बंद केले. तेव्हा एखाद्या खासगी केंद्रात माणूस ठेवण्याआधी नोंदणी क्रमांक मागावा, डॉक्टर कोणत्या दिवशी येतात हे विचारावे आणि रुग्णाला भेटू देतात का ते पाहावे. भेटू देत नसतील तर माणूस परत आणावा.

फोनवर विचारायचे तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक फुकट आहेत. दारूबरोबर जीव नकोसा झाल्याचे बोलणे ऐकू आले, तर १४४१६ ला त्याच क्षणी फोन करावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. पश्चिम विदर्भात हे वेगळे सांगायला नको. आत्महत्येनंतर ‘तो प्यायचाच’ एवढे बोलून गाव मोकळे होते, पण ज्या दिवशी तो पीत होता त्या दिवशी त्याला कोणी मीटिंगचा पत्ता दिलेला नसतो.

एएच्या सेवा कार्यालयाला किंवा मदत क्रमांकाला फोन करताना ‘वाशिमला मीटिंग आहे का’ एवढेच विचारून ठेवू नये. या जिल्ह्यातली माणसे एकाच दिशेने जात नाहीत. कारंज्याचा माणूस अमरावतीकडे, मानोऱ्याचा दिग्रस-पुसदकडे, रिसोडचा मेहकरकडे, वाशिमचा हिंगोली किंवा अकोल्याकडे सहज जातो. जिल्ह्याची हद्द १९९८ मध्ये आखली गेली; एसटीचे रस्ते तिच्याहून जुने आहेत. म्हणून आपल्या गावाहून ज्या-ज्या शहरांना थेट गाडी आहे, त्या सगळ्यांची नावे घेऊन विचारावे. वार आणि वेळ विचारावी, मीटिंग सर्वांसाठी खुली आहे की फक्त दारूचा आजार असलेल्यांसाठी ते विचारावे, आणि निघण्याच्या दिवशी पुन्हा एकदा फोन करून ती होणार असल्याची खात्री करावी. कागदावरचे पत्ते शिळे होतात. ८० किलोमीटर जाऊन कुलूप पाहिलेला माणूस परतताना कुठे थांबतो, हे सांगायची गरज नाही.

कोरोनाकाळात मीटिंगा मोबाइलवर सुरू झाल्या आणि त्या टिकल्या. गावात रेंज असेल आणि कानाला लावायचे यंत्र असेल, तर शेताच्या बांधावर बसूनही मराठीतल्या मीटिंगला हजर राहता येते. अनोळखी राहण्याच्या दृष्टीने तर हे फारच सोयीचे. पण मोबाइलवरचा आवाज बंद करता येतो. शेजारी बसलेल्या माणसाच्या नाकाला वास आला की लपवता येत नाही. महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष जावे.

अनोळखी राहणे ही खेड्यातली सर्वात मोठी अडचण. शहरात नाव न सांगता बसणे शक्य असते. तालुक्याच्या गावी खोलीत शिरताना पाहणारा सोयरा निघतो, आणि संध्याकाळपर्यंत मुलीच्या सासरी बातमी पोचते. गंमत अशी की हाच माणूस चौकात पडलेला सगळ्या गावाने पाहिलेला असतो, त्याची लाज नसते. तो बरा होण्यासाठी कुठे जातो याची असते. यावर बाजाराचा दिवस हा सोपा उपाय आहे. त्या दिवशी तालुक्याला जायला कारण सांगावे लागत नाही. गाड्या जास्त असतात. आणि नेमका तोच दिवस पिण्याचाही असतो. बाजार उठल्यावर दुपारी तीन-चारला मीटिंग असेल, तर सर्वात वाईट तास तिथेच निघून जातो. शहरातल्या संध्याकाळी सातच्या मीटिंगची नक्कल इथे चालणार नाही. सातला सुटलेल्या माणसाला सावरगावची गाडी मिळत नसेल, तर ती मीटिंग त्याच्यासाठी नाहीच.

घरच्यांचे काय, हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो, खरे तर तो आधी यायला हवा. नवरा मीटिंगला तयार होत नसला, तरी बायकोने वाट पाहण्याचे कारण नाही. दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन हे वेगळे गट आहेत, मुक्तांगणचा पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे शिकवत नाहीत. त्याने प्यायली तरी आपण कसे जगायचे, उधारी कोणी फेडायची, मुलांसमोर काय बोलायचे, मार खायचा नाही म्हणजे नक्की काय करायचे, हे तशाच घरांतल्या बायका सांगतात. दारू पिणाऱ्या स्त्रियांची गोष्ट आणखी अवघड आहे; पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्या येत नाहीत, आणि त्यांची मोजणीही होत नाही.

डॉक्टर नसतील तिथे काय करता येते, याचा एक दाखला गोव्यातला आहे. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगात’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलणी करवली. ३७७ जणांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी, आधीच्या दोन आठवड्यांत अजिबात न पिणारे समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. हे पूर्ण व्यसनी झालेले रुग्ण नव्हते, त्याआधीच्या पायरीवरचे होते. पण आरोग्य केंद्रात त्यांना गाठता येते हे त्यातून कळले. विदर्भातच गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने व्यसन उपचाराची क्लिनिके तालुक्यांपर्यंत नेली. वाशिम आकांक्षित जिल्हा आहे, २०२४ मध्ये इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सहा तालुक्यांत आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, एक समुपदेशक आणि एक खोली ही मागणी अवास्तव नाही.

आणि गट नसेलच, तर तो सुरू करायला दोन माणसे पुरतात. अॅक्रनमध्ये दोनच होती. केंद्रातून एकाच महिन्यात परतलेले दोघे, सेवा कार्यालयाला एक फोन, तिथून मिळणारी मराठी पुस्तिका आणि अधूनमधून येऊन बसणारा जवळच्या शहरातला जुना सदस्य, एवढ्यावर सुरुवात होते. गावाने मदत करायचीच तर बेताने करावी. उद्घाटन नको, फ्लेक्स नको, हार घालून काढलेले आणि ग्रुपवर टाकलेले फोटो तर मुळीच नकोत. ज्याचा फोटो निघाला तो पुढच्या आठवड्यात येणार नाही. द्यायची असेल तर वाचनालयाची, शाळेची किंवा आरोग्य उपकेंद्राची एक खोली द्यावी आणि नाममात्र का होईना भाडे घ्यावे. खोली देण्याचे ठराव ग्रामपंचायती लगेच करतात. अडते ते किल्लीवर. शिपाई सुट्टीवर, सरपंच बाहेरगावी, आणि दारात दोन माणसे उभी, असे एकदा झाले की गट मोडतो. ठरावातच लिहून घ्यावे की किल्लीची एक प्रत गटाकडे राहील.